उभे प्रवासी वर्ज्य

नाशिकहून पेठच्या अंगाला गेलं की डोंगरात खैरपाडा नावाचा एक पाडा लागतो आणि त्याच्या डोक्यावर खैरगड नावाचा किल्ला आहे. या दोन्ही ठिकाणी बरीच वर्षं काहीही घडलेलं नव्हतं आणि त्याबद्दल तिथल्या लोकांची कोणतीही लेखी तक्रार नव्हती. रोज संध्याकाळी एक लाल गाडी पाड्यात यायची, मुक्काम करायची आणि पहाटे पावणेसहाला नाशिकला निघायची. त्या गाडीचा कंडक्टर मी. नाव कोंडाजी. बिल्ला नंबर सांगत नाही, माणसानं जपून असावं.

गाडीतला दिवा जळायचा नाही. मी तीन अर्ज केले. पहिल्यावर 'पाहावे' असा शेरा आला, दुसऱ्यावर 'चर्चा करावी', आणि तिसऱ्यावर 'पूर्वीचे दोन्ही अर्ज जोडून पुन्हा सादर करावे'. मग मी नाद सोडला. अंधारात तिकिटं फाडायची नाहीत, पुढे मोहफाट्याला उजाडलं की सगळ्यांची एकदम फाडायची, अशी आमची पद्धत पडली. पैसे खैरपाड्यापासूनचेच घ्यायचो, त्यात एका पैचीही लबाडी नाही. पण वे-बिलात, म्हणजे फेरीच्या हिशेबाच्या कागदात, खैरपाड्याच्या रकान्यात मात्र रोज शून्य लागायचं. त्या शून्यात पंचवीसेक माणसं, त्यांच्या कोंबड्या, नागलीची गाठोडी आणि महिन्यातून एखादी अडलेली बाई बसलेली असायची.

हे असंच चाललं असतं. पण चौऱ्याऐंशी साली नाशकात अल्पखर्ची भ्रमण मंडळाची स्थापना झाली.

मंडळाला अध्यक्ष होते, उपाध्यक्ष होते, पण मंडळ म्हणजे चिटणीस गोरक्षनाथ देवरे. राहायला इंदिरानगरात, नोकरी सातपूरच्या एका कारखान्यात, कार्मिक विभागात. म्हणजे कामगार घेणं, काढणं आणि उशिरा आलेल्यांची नावं लिहून ठेवणं. घरी स्कूटर होती, पण ती पेट्रोल पिते म्हणून जुनं लुगडं पांघरून अंगणात उभी केलेली. "आपण सामान्य जनतेच्या गाडीनं जायचं, सामान्य जनतेसारखं राहायचं," असं ते म्हणत. साधेपणाची त्यांना भारी हौस. चारचौघांत सांगितल्याशिवाय तो साधेपणा त्यांच्या अंगी लागत नसे.

पहिल्या सहलीला मंडळाची बारा माणसं शनिवारी संध्याकाळी माझ्याच गाडीनं आली आणि भागीबाईच्या ओट्यावर पथाऱ्या टाकून झोपली. ही भागीबाई म्हणजे पाड्यातली म्हातारी; तिचा पोरगा बुधा, त्याचं पुढे येईलच. तिनं बारा जणांना नागलीच्या भाकरी आणि उडदाची आमटी वाढली. देवरेसाहेबांनी तिला 'अन्नपूर्णा' ही पदवी दिली. दुसरं काही दिलं नाही. निसर्गाच्या सान्निध्यात व्यवहार शोभत नाही, असं त्यांचं मत पडलं.

किल्ला त्यांना फार आवडला. गाडीची वेळ आवडली नाही. रविवारी किल्ला बघून खाली येतात तो गाडी पहाटेच गेलेली, आणि पुढची सोमवारी पहाटे. म्हणजे एका किल्ल्यापायी दोन रात्री ओट्यावर आणि सोमवारी नोकरीत अर्धी रजा. देवरेसाहेबांनी अर्ज ठोकला : गाडी सकाळी नाशिकहून निघावी, पर्यटकांस किल्ला व धबधबा दाखवून संध्याकाळी परत यावी, जेणेकरून गोरगरीब जनतेस अल्प खर्चात निसर्गाचा आस्वाद घेता येईल. गोरगरीब जनता म्हणून खाली चाळीस सह्या होत्या. त्यांतल्या सहा बँकेतल्या अधिकाऱ्यांच्या.

डेपोच्या साहेबांनी मला बोलावलं. समोर वर्षभराची वे-बिलं आणि खुर्चीवर देवरेसाहेब.

"कोंडाजी, खैरपाड्याहून वर्षभरात एकही प्रवासी चढलेला नाही?"

मी वे-बिलांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं.

"रकाना तर तेच सांगतोय. मग गाडी तिथं मुक्कामाला कशाला नेता? डासांना रक्त पाजायला?"

खरं सांगायचं तर साहेब, शून्य माझ्या हातचं आहे, माणसं खरी आहेत, एवढंच बोलायचं होतं. पण ते बोललो असतो तर उशिरा तिकिटं फाडली म्हणून मेमो हातात पडला असता. शिवाय खोटं कशाला बोलू, खैरपाड्यातले डास मलाही चावत होते आणि घरी झोपायला मिळणार होतं. मी मूग गिळून बसलो.

"बोलत नाहीत, म्हणजे मान्य आहे," देवरेसाहेब म्हणाले. कार्मिक विभागात माणूस मुरला की त्याला गप्प राहिलेल्याची संमती लगेच कळते.

मंडळाला गाडी फक्त रविवारी हवी होती. पण आमच्या वेळापत्रकात एका दिवसासाठी वेगळी ओळ बसत नाही. म्हणून गाडी सातही दिवस फिरवली. तिचं नाव झालं खैरगड निसर्गदर्शन फेरी. सोमवार ते शनिवार मी आणि ड्रायव्हर धोंडीराम असे दोघेच सकाळी जाऊन निसर्गदर्शन करायचो. दर्शन करून करून धोंडीरामला त्या धबधब्याचा इतका उबग आला, की तो गाडी धबधब्याकडे पाठ करून लावायचा.

पाड्यातल्या माणसाला नाशकात काम असलं तर त्यानं आता संध्याकाळच्या गाडीनं जायचं, रात्र स्टँडवर काढायची, दुसऱ्या दिवशी काम करायचं, पुन्हा रात्र स्टँडवर काढायची आणि तिसऱ्या दिवशी सकाळी घरी यायचं. भागीबाईनं मला विचारलं, "मास्तर, गाडी आता आमची नाय का?"

"तुमचीच आहे की, मावशी. फक्त तुमच्या कामाच्या वेळेला नाही."

"मंग आमची कशी?"

मी घंटी मारली.

पुढे मंडळाला असं दिसून आलं की रविवारी परतताना पाड्यातली माणसं गाडीत उभी राहतात आणि त्यामुळे खिडकीतून डोंगर दिसत नाही. दुसरा अर्ज गेला. विचारांती असं ठरलं, की ही फेरी दर्शनाची असल्यानं रविवारी तीत उभे प्रवासी वर्ज्य राहतील. बसायचं तर आरक्षण हवं. आरक्षणाची खिडकी नाशकात, आदल्या दिवशी उघडणार. म्हणजे खैरपाड्याहून नाशिकला येण्यासाठी माणसानं आधी नाशिकला येऊन जागा धरायची. या योजनेत काही अडचण आहे असं कुणालाही वाटलं नाही. ज्यांना वाटलं असतं त्यांना खिडकीपर्यंत पोचताच आलं नाही.

आता बुधाचं सांगतो. भागीबाईचा हा एकुलता एक. आश्रमशाळेत शिकला, नाशकात फिटरचा कोर्स केला, सरकारी रोजगार कार्यालयात नाव नोंदवलं. चार वर्षं झाली. दर उन्हाळ्यात द्राक्षांच्या छाटणीला नाहीतर वीटभट्टीवर जायचा आणि जाताना कोर्सचं सर्टिफिकेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत न्यायचा. तिथं ते कुणी मागत नसे. गाडी बंद पडली की धोंडीराम शिव्या द्यायचा आणि बुधा बॉनेट उघडून ती चालू करून द्यायचा. असा पोरगा.

त्या वर्षी देवरेसाहेबांच्या कारखान्यात फिटर घ्यायचे होते. रोजगार कार्यालयातून यादी आली, तीत बुधाचं नाव. मुलाखतीची पत्रं देवरेसाहेबांनीच काढली. सगळी पोस्टानं गेली, बुधाचं तेवढं राहिलं. गहाळ नाही झालं, त्यांनी मुद्दाम ठेवलं. खैरपाडा हे नाव वाचून त्यांना भरून आलं होतं. मंडळाची सहल अकरा दिवसांनी तिथंच जाणार, मग पोस्टाचा भुर्दंड कारखान्याला कशाला? आपण स्वतःच्या हातानं द्यावं, फोटोही होईल.

रविवारी किल्ल्याच्या पायथ्याशी, पन्नासेक सभासदांच्या समोर, देवरेसाहेबांनी बुधाला पत्र दिलं. फोटो निघाला. टाळ्या झाल्या. यशोदाबाईंनी, म्हणजे देवरेवहिनींनी, बुधाच्या हातावर बेसनाचा लाडू ठेवला. भागीबाई पदरानं डोळे पुसत होती. बुधानं पत्र उघडलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"सायेब, हे तर उद्याचं हाय. सकाळी दहाला."

"दहाला म्हणजे दहाला बरं का! औद्योगिक जीवनात वेळेला फार महत्त्व असतं," देवरेसाहेब म्हणाले.

साडेचारला गाडी भरली. पन्नास सीट, पन्नास आरक्षणं. बुधा धुतलेला सदरा घालून, सर्टिफिकेटची पिशवी घेऊन दारात आला. "मास्तर, मी हितं पायरीवर उभा ऱ्हातो."

मी देवरेसाहेबांकडे पाहिलं. म्हटलं, "साहेब, एकच माणूस आहे. तुम्हीच बोलावलंय त्याला."

"छे छे, कोंडाजी! मी बोलावलंय म्हणून तर मला सवलत मागता येत नाही. वशिला होईल तो. नियम म्हणजे नियम."

"मग कुणी जरा सरकून घेता का? तिघांच्या सीटवर चार बसतील."

गाडीत एकदम सगळ्यांना डोंगर दिसायला लागला. जो तो खिडकीबाहेर बघतोय. एक मास्तर होते, शाळेत समाजशास्त्र शिकवायचे, ते म्हणाले, "सरकलो असतो हो, पण कंबरेचं दुखणं आहे." ती कंबर तासाभरापूर्वी गडाच्या कातळपायऱ्या चढून उतरली होती. एका बाईंच्या शेजारी करवंदांची पाटी होती. पाटीला सीट होती, कारण त्यांच्या जाऊबाई आयत्या वेळी आल्या नव्हत्या आणि आरक्षण वाया कशाला घालवायचं!

"ती पाटी मांडीवर घ्या की," मी म्हणालो.

"अहो, साडीला डाग पडतील. करवंदाचा चीक जात नाही."

भागीबाई खालून हात जोडून उभी. "मास्तर, चार वर्सं वाट पायली त्यानं. घ्या वो."

घ्यायला काय झालं होतं मला? दार माझं, घंटी माझी. फार तर मेमो आला असता. पण देवरेसाहेबांनी खिशातून वही काढून तिच्यावर पेन टेकवलं होतं, आणि वहीवर पेन टेकवलेल्या माणसासमोर माझं आजही काही चालत नाही. मी दार ओढलं आणि दोनदा घंटी मारली. धोंडीरामनं आरशातून माझ्याकडे जे पाहिलं, ते बघून मला माझीच लाज वाटली. गाडीत गाण्यांच्या भेंड्या सुरू झाल्या.

पुढचं मला बुधानं मंगळवारी सांगितलं. तो तिथून पायी निघाला, मोठ्या रस्त्यापर्यंत बावीस किलोमीटर. तिथं सकाळी लाकडाचा ट्रक मिळाला, ट्रकनं शहराबाहेरच्या नाक्यावर सोडलं, तिथून पळत सातपूर. दहा वाजून पस्तीस मिनिटांनी तो कारखान्याच्या फाटकाशी पोचला. टेबलावर देवरेसाहेब. त्यांना मनापासून वाईट वाटलं, असं बुधा म्हणाला. चहासुद्धा पाजला. आणि यादीत त्याच्या नावापुढे 'उशिरा हजर, सबब अपात्र' असं लिहिलं.

"सायेब, तुमी तर बघितलं, गाडीत घेतलं नाय मला."

"बघितलं रे बाबा. पण ते मी रविवारी बघितलं. रविवारी मी मंडळाचा चिटणीस असतो."

दोन आठवड्यांनी एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत देवरेसाहेबांचा लेख आला. 'अवघ्या बारा रुपयांत खैरगड.' त्यात किल्ला होता, धबधबा होता, बुधाला पत्र देतानाचा फोटो होता. खाली लिहिलं होतं, की डोंगरातली ही माणसं मोठी काटक, अंतर म्हणजे काय ते त्यांना ठाऊकच नाही. परवाच एक तरुण हसतखेळत नाशिकपर्यंत चालत आला! शेवटी 'कसे जाल' या चौकटीत माझ्या गाडीची वेळ छापली होती.

लेख गाजला. पुढच्या शनिवारी खिडकीवर दोनशे माणसं. दुसरी गाडी सुरू झाली, तिलाही उभे प्रवासी वर्ज्य. लोक कात्रण हातात घेऊन गाडीतून उतरतात आणि मला विचारतात, "तो चालणारा माणूस कुठला हो?" मी बोट दाखवतो. तो समोरच असतो. तो आता लोकांच्या पिशव्या गडावर नेऊन देतो. भागीबाई ओट्यावर बसून बघत असते, माझ्याशी बोलत नाही.

तुम्ही आता देवरेसाहेबांना शिव्या द्याल. द्या. माझ्याही नावानं दोन घाला, माझी हरकत नाही. आम्ही त्या गाडीत असतो तर पाटी मांडीवर घेतली असती, असंही म्हणाल. म्हणा. पण एक खरं सांगा, हे वाचता वाचता मध्येच कुठेतरी तुमच्या मनात आलं की नाही, बारा रुपयांत म्हणजे स्वस्तच आहे, हा खैरगड नेमका कुठे आला, पोरांना घेऊन एखाद्या रविवारी जाऊन यावं?

आरक्षणाची खिडकी शनिवारी दहाला उघडते. साडेनऊलाच रांगेत उभे राहा, गर्दी फार असते.