कलम सात आणि पातेली

सरचिटणीसांनी दुसरा अर्ज भरला तिथेच घोटाळा झाला, पण ते त्यांना बरंच उशिरा कळलं.

पहिला अर्ज बिनचूक होता. दिवसभर छापखान्यात पुस्तकांना पुठ्ठे चिकटवायचे आणि संध्याकाळी कामगार संघटनेचा कारभार बघायचा, असं त्यांचं बावीस वर्षं चाललं होतं. त्यांना गल्लीत सरचिटणीस म्हणत आणि घरातही. सासूबाई तर "सरचिटणीस जेवले का?" असंच विचारायच्या. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे त्यांना कधी उलगडलं नव्हतं. आता जगभरच्या डाव्या कार्यकर्त्यांचा तीन दिवसांचा मेळावा भरणार होता आणि तिथे बोलायला सरचिटणीसांना सात मिनिटं मिळाली होती. याआधी असे पाच मेळावे त्यांनी केले, पण व्यासपीठ काही चढायला मिळालं नाही. एकदा वेळ संपली, एकदा वीज गेली, एकदा त्यांच्या आधीचा वक्ता संपेचना. या खेपेला मात्र कार्यक्रमपत्रिकेत त्यांचं नाव छापून आलं होतं. विषय होता 'घरातले अदृश्य श्रम'.

"या वेळी आम्ही तिघीही येणार," बायकोने जाहीर केलं. "दर वेळी तुम्ही जग बदलायला जाता आणि मी बॅगेत सदरे भरून देते. एकदा बघू तरी काय बदलता ते."

"अगं, तिथे फक्त प्रतिनिधींची सोय असते. घरच्यांची नाही."

"मग आम्हाला प्रतिनिधी करा."

सरचिटणीसांनी खूप विचार केला आणि दुसरा अर्ज भरला. संघटनेचं नाव : गृहश्रमिक संघटना. अध्यक्ष : बायको. उपाध्यक्ष : सासूबाई. चिटणीस : मुलगी, वय वर्षं तेरा. स्थापना : त्यांच्या लग्नाचं साल.

"ही कसली हो संघटना?" बायकोने विचारलं.

"कागदावरची. तू सही कर."

मेळावा सुट्टीमुळे रिकाम्या असलेल्या एका शाळेत भरला होता. दारातच समन्वयक बाईंनी तिघींचे हात हातात घेतले. "घरकाम करणाऱ्यांची संघटना आमच्याकडे पहिल्यांदाच येतेय!" असं म्हणून त्यांनी तिघींना बागेकडच्या खिडकीची खोली दिली. सरचिटणीसांना मात्र चौथीच्या वर्गात अकरा जणांबरोबर गादी मिळाली.

"आम्ही खरं तर एकत्रच आहोत," ते चाचरत म्हणाले.

"असं कसं? दोन वेगळ्या संघटना आहेत तुमच्या. लहान संघटनांना मोठ्यांनी गिळू नये, याबाबत आम्ही फार दक्ष असतो," असं म्हणत बाईंनी त्यांच्याकडे जरा संशयानेच पाहिलं.

मेळाव्यात नोकरचाकर नव्हते. झाडणं, पुसणं, भांडी, सगळं प्रतिनिधींनीच करायचं आणि कोणी काय करायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरायचं. सरचिटणीसांच्या वाट्याला पातेली आली. दुसरा दिवस, अकरा ते एक. भाषण साडेअकराला होतं.

ते तडक बागेकडच्या खोलीत गेले. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि सवयीने बाह्या सरसावल्या. "एवढंच ना? मी घासते. तुम्ही जा."

"थांब गं," सासूबाई पलंगावरून म्हणाल्या. प्रवासात वाचायला दुसरं काही नव्हतं म्हणून त्यांनी मेळाव्याची नियमावली दोनदा वाचून काढली होती. "कलम सात. कोणाही प्रतिनिधीने चिठ्ठीत आलेलं काम दुसऱ्यावर ढकलू नये. ढकलायचंच झालं, तर त्या दुसऱ्याच्या संघटनेचा लेखी ठराव हवा."

कलम सात सरचिटणीसांचंच होतं. मसुदा समितीला त्यांनी ते चार पानी पत्र लिहून घालायला लावलं होतं. बडे नेते कामं टाळतात, त्यांना वेसण घालायला.

"मग करा ठराव. घरचाच तर मामला आहे!"

"बैठक घ्यावी लागेल," मुलगी वही उघडत म्हणाली. "बाबा, तुम्ही बाहेर थांबा. तुम्ही सदस्य नाही."

सरचिटणीस पंचवीस मिनिटं व्हरांड्यात उभे होते. व्यवस्थापनाच्या दाराबाहेर ते आजवर पुष्कळदा उभे राहिले होते, पण तिथे निदान बसायला बाक असायचा. शेवटी दार उघडलं आणि मुलीने वाचून दाखवलं, "विनंती सहानुभूतिपूर्वक फेटाळण्यात येत आहे. विरोधात दोन, अध्यक्ष तटस्थ."

"तू तटस्थ?" त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"तुमचं भाषण ऐकायलाच आले ना मी? पातेली घासत बसले तर ऐकणार कशी?"

ते तिला घेऊनच निघाले. त्यांनी समन्वयक बाईंना गाठलं. वेळ बदलता येणार नव्हती, आणि पातेली टाळली तर नाव कटणार होतं. मग भाषण जायला नको म्हणून त्यांनी स्वतःच तोड काढली. "ही वाचेल माझं भाषण," ते म्हणाले, आणि सात पानं बायकोच्या हातात कोंबली. "नुसतं वाचायचं. एक अक्षर बदलायचं नाही."

"मला नाही हो जमणार," असं ती म्हणाली, पण पानं तिने घेतली. ती तिच्याच अक्षरातली होती. सरचिटणीसांचं अक्षर कोणाला लागत नसल्यामुळे त्यांची सगळी भाषणं तीच उतरवून द्यायची.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला सरचिटणीस कोपरापर्यंत फेसात होते. समोर तळाला दूध करपलेलं पातेलं आणि शेजारी भांडी पुसायला एक परदेशी धिप्पाड गोदी कामगार. राबणाऱ्यांचं वैचारिक नुकसान होऊ नये म्हणून भिंतीवर कर्णा लावलेला होता. गोदीवाल्याने भाषांतर ऐकायचं यंत्र कानात घातलं आणि कर्ण्यातून बायकोचा आवाज आला.

पहिली दोन पानं ती अडखळत वाचत होती. सरचिटणीस प्रत्येक वाक्य तिच्याआधी पुटपुटत होते. बावीस वर्षांनी सभागृहात गेलेले आपले शब्द स्वयंपाकघरात ऐकताना त्यांना रडू येईल असं वाटलं. तिसऱ्या पानावर ती थांबली.

"इथे लिहिलंय, घरातली बाई दिवसाचे सोळा तास राबते. हा आकडा ह्यांनी मला विचारून लिहिलेला नाही. विचारायला आले होते, खोटं कशाला बोलू? मी इस्त्री करत होते. म्हणाले, नंतर सांग, आधी चहा टाक."

सभागृह हसलं. सरचिटणीसांच्या हातातली घासणी थांबली.

"ही पानं मीच रात्री उतरवून काढली. तेही सोळा तासांत धरायचं का, ते यात कुठे दिलेलं नाही. बाकी भाषण चांगलं आहे, मनापासून लिहिलंय. फक्त लिहिणाऱ्याने हे घर बाहेरून पाहिलंय." मग तिने पानं मिटली आणि उरलेली चार मिनिटं आपला सकाळपासूनचा दिवस सांगितला, कामामागून काम, घड्याळ लावून.

सरचिटणीसांना आधी राग आला, मग हेवा वाटला. मग त्यांच्या लक्षात आलं की इतका स्वच्छ, न घाबरलेला आवाज आपल्या घरात राहतो हे आपल्याला माहीतच नव्हतं. टाळ्या थांबेनात. गोदीवाला डोळे पुसत कर्ण्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारत होता. 'ह्या कोण?' असंच असावं.

"शेजारच्या संघटनेच्या," सरचिटणीस म्हणाले आणि पातेलं घासायला लागले.

संध्याकाळी ठराव आला : प्रत्येक प्रतिनिधीने बदलाची सुरुवात स्वतःच्या घरापासून करावी. ठराव एकमताने संमत झाला. हात वर करायची सवय असल्यामुळे सरचिटणीसांनीही केला.

घरी परतल्यावर दुसऱ्याच दिवशी ते कामावरून आले, तर जेवणाच्या टेबलावर एक कागद होता. पलीकडे बायको, सासूबाई आणि वही उघडून मुलगी बसलेली. 'मागणीपत्र,' त्यांनी वाचलं, आणि खिशातलं लाल पेन आपोआप बाहेर आलं.

"तारीख कुठाय? बिनतारखेचा कागद मालक टोपलीत टाकतो." त्यांनी तारीख घातली. "आठवड्यातून अर्धा दिवस सुट्टी? छे! अर्धा मागितला तर तासभर देतील. पूर्ण दोन दिवस लिहा. आणि हे काय, 'शक्य असल्यास'? हे आधी खोडा." बघता बघता कागद लाल झाला. "उत्तराला पंधरा दिवस कशाला? मालकाला विचार करायला वेळच द्यायचा नाही. आजच्या आज, नाहीतर काम बंद!"

अंगात वीज संचारल्यासारखे ते बोलत होते. बऱ्याच दिवसांत इतका जोरकस मसुदा त्यांच्या हातून उतरला नव्हता. मुलीने तो भराभर उतरवून काढला, तिघींनी सह्या केल्या आणि सासूबाईंनी कागद टेबलावरून पलीकडे सरकवला.

"घ्या," त्या म्हणाल्या. "पोच द्या."

सरचिटणीसांनी मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं. टेबलाच्या या बाजूला एकच खुर्ची होती आणि तिच्यावर ते बसले होते.

"विचाराला दोन दिवस तरी..." ते म्हणाले.

"आजच्या आज," बायको शांतपणे म्हणाली. "तुमच्याच हातचं आहे."

सरचिटणीसांनी पोच दिली. मग ते उठले. "वाटाघाटी चहाशिवाय होत नाहीत," असं म्हणून ते स्वयंपाकघरात गेले. बराच वेळ आतून डबे उघडल्याचे आणि बंद केल्याचे आवाज येत राहिले. शेवटी त्यांचा पडेल आवाज आला.

"अगं, साखर कुठल्या डब्यात असते?"

बायकोने उठण्यासाठी खुर्ची सरकवली, पण सासूबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. मुलीने वहीत वेळ टाकली आणि लिहिलं : 'मालकपक्षाने साखरेबाबत माहिती मागितली. मागणी विचाराधीन.'