बाटलीचं बूड

मयेकरकाकांना चहा दिला की ते आधी बशी उलटी करून बघतात. मग चहा पिऊन झाला की कप. एकदा तर चहा संपायच्या आधीच कप उलटा केला आणि माझ्या नव्या सोफ्याच्या कव्हरवर सगळा सडा! मी तोंड उघडायच्या आत काकाच म्हणाले, "बोन चायना म्हणून दिला ना तुला? फसवलं." कव्हरबद्दल एक अक्षर नाही.

"बूड बघितल्याशिवाय मी कोणाला मानत नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. नवीन माणूस ऐकून दचकतो आणि जरा सावरून बसतो. मग आम्हाला सांगावं लागतं की बाबा रे, हे बाटल्यांबद्दल चाललंय.

काका आमच्या कोपरीच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. लग्न केलं नाही. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते, जन्मभर चंचुपात्रं आणि परीक्षानळ्या धुतल्या. रिटायर झाल्यावर माणूस त्या कामाचं नाव काढणार नाही, पण यांनी घरी जुन्या काचेच्या बाटल्या आणून धुवायला सुरुवात केली. गोळी सोड्याच्या, अत्तराच्या, शाईच्या, औषधांच्या. घरात पाहुण्याला बसायला एक खुर्ची आणि बाटल्यांना चार कपाटं.

संशय तर त्यांच्या नाकावरच बसलेला. कल्याणच्या बाजारातला एक भंगारवाला त्यांना एकदा सोड्याची बाटली दाखवत होता. मी मसाल्याला मिरच्या घ्यायला गेलेले, म्हणून सोबत होते. "ब्रिटिशांच्या टायमाची आहे, काका," तो म्हणाला. काकांनी बाटलीच्या अंगावरून नख फिरवलं. "शिवण बघ," मला म्हणाले. "पूर्वी बाटलीचं अंग साच्यात फुंकायचे आणि ओठ मागाहून हाताने लावायचे. म्हणून साच्याची शिवण मानेपाशी थांबते. ही बघ कशी थेट ओठावर चढलीय. मशीनची आहे." मग बूड. बुडावर खूप ओरखडे होते. मला वाटलं, जुनीच असणार. "सगळे ओरखडे एकाच दिशेने? बाटली काय आयुष्यभर कवायत करत होती? पॉलिशपेपर मारलाय. ही म्हातारी झालेली नाही, हिला म्हातारी केलीय." शेवटी त्यांनी आत करंगळी घालून हुंगली. "खोबरेल! आतून काच धुरकटली असली की तेल फिरवतात, म्हणजे दिसत नाही." भंगारवाल्याने हात जोडले. "काका, तुम्ही येत नका जाऊ."

हे बाटल्यांपुरतं असतं तर ठीक होतं. पण काकांना आंब्याचा संशय, दुधाचा संशय, माझ्या काळ्या केसांचा संशय. माझ्या जुईला बघायला घोडबंदर रोडच्या टॉवरमधला एक मुलगा आलेला. गुळगुळीत दाढी, गोड बोलणं, चार वाक्यांत तीनदा 'आय अ‍ॅम ब्लेस्ड'. काका साखर मागायच्या निमित्ताने येऊन बघून गेले. जाताना माझ्या कानाशी म्हणाले, "शिवण ओठापर्यंत आहे हो. हाताने केलेल्या वस्तूत एखादा तरी बुडबुडा असतो." मी चिडले. पण जुईने त्याच दिवशी नकार कळवला, आणि खोटं कशाला बोलू, मलाही हायसं वाटलं.

बाटल्या साफ करण्याची त्यांची पद्धत मात्र बघत राहावी अशी. उकळतं पाणी नाही, तारेचा ब्रश नाही. कोमट पाणी, रिठ्याचा फेस आणि मूठभर तांदळाची कणी. बाटली दोन्ही हातांत धरून हळूहळू हलवत बसायचं, तान्हं बाळ जोजवतात तसं. वाण्याला कायम प्रश्न, एकटा माणूस एवढी कणी करतो काय? "कोंबड्या पाळल्यात का?" त्याने मला विचारलेलं.

आता बिल्डिंग पाडून नवी बांधायची बोलणी सुरू झाली आणि घरोघरचे माळे रिकामे व्हायला लागले. आमच्या माळ्यावर सासूबाईंच्या ट्रंकेत मला एक चपटी, निळसर बाटली मिळाली. तोंडाला बूच, तळाला कसलासा तपकिरी थर वाळलेला, अंगावर दातेरी कातरलेली कागदाची पट्टी. जुई म्हणाली, "मम्मी, काय व्हिंटेज आहे! धुऊन घे, नव्या घरात फुलं ठेवू." मी काकांकडे निघाले तर जिन्यात आमचे सेक्रेटरी पाटणकर भेटले. यांच्या आजोबांच्या 'साहेबाने दिलेल्या' बाटलीला काकांनी सॉसची बाटली ठरवलेलं, तेव्हापासून त्यांचा राग. "जपून हं वहिनी," ते म्हणाले. "माल चांगला दिसला की म्हातारा बदलून देतो म्हणतात."

कोण म्हणतात, हे मी विचारलं नाही. घरी परत आले आणि बाटलीच्या बुडावर नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला. म्हटलं, बदलून तर बघू दे!

काकांनी बाटली हातात घेतली, नेहमीप्रमाणे बूड बघितलं आणि जरा थांबले. मग सुरू झाले. "कुठे मिळाली? कोणाची? शेवटची कोणी उघडली? आत काय होतं?"

"काका, मी काय चोरून आणलीय?"

"सासूबाईंची ना? त्यांना विचारलंस?"

"त्यांना काय विचारायचं? त्यांना दिसत नाही धड. ट्रंकेत काय आहे हेही आठवत नसेल. तुम्ही धुवा हो."

"ठेवून जा," म्हणाले.

दोन दिवसांनी विचारलं, "आज नको." चौथ्या दिवशी, "कणी संपलीय." आणि वाणी म्हणाला, कालच किलोभर नेलीय. माझ्या डोक्यात पाटणकर. आठव्या दिवशी मी तरातरा जिना चढले.

"काका, माझी बाटली द्या. आहे तशी. आत्ताच्या आत्ता!"

त्यांनी कपाट उघडून बाटली माझ्या हातात दिली. कागद तसाच, थर तसाच. "धुतली नाही मी. तुझा ठिपका पण तसाच आहे, बूड बघून घे."

माझं तोंड एवढंसं झालं. काकाच उठले आणि वरच्या कप्प्यातून एक बाटली काढून आणली. साधीच, पण अशी लखलखीत की आरपार त्यांचा हात दिसत होता.

"ही माझी पहिली," ते म्हणाले. "आक्काची."

आक्का म्हणजे त्यांची मोठी बहीण. आईबाप लवकर गेले, हिने यांना वाढवलं, स्वतःचं लग्न केलं नाही. मी लग्न होऊन या बिल्डिंगमध्ये आले त्याच्या आदल्या वर्षी ती गेली.

"माक्याचं तेल असायचं हिच्यात. दर रविवारी माझ्या डोक्याला लावायची. या टकलाकडे बघू नकोस, तेव्हा केस होते. ती गेल्यावर महिन्याभराने घर आवरताना बाटली सापडली. तळाला बोटभर तेल होतं. चिकट, कळकट. मला वाटलं, आक्काची वस्तू आहे, स्वच्छ करून ठेवावी. कणी घातली, रिठे घातले, दुपारभर हलवली. काय निघाली म्हणून सांगू! सगळ्यांना दाखवत सुटलो." काकांनी बाटली नाकाशी नेली आणि परत खाली घेतली. "मग संध्याकाळी लक्षात आलं, मी काय धुऊन टाकलं ते. तीस वर्षं हुंगतोय. काचेला वास नसतो गं, मीनल. म्हणून विचारतो सगळ्यांना. तुला वाटलं, चोर समजतोय."

मी खाली आले आणि बाटली सासूबाईंच्या हातात ठेवली. त्यांनी ती चाचपली. बोट कागदाच्या दातांवरून खाली उतरलं, एक, दोन, करत सहापर्यंत, आणि त्या चक्क लाजल्या. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई!

"ही ह्यांनी कातरलेली," त्या म्हणाल्या. सासरे कल्याणला एका दवाखान्यात कंपाउंडर होते हे मला माहीत होतं. पुढचं नव्हतं. "आमचं लग्न व्हायच्या आधीची गोष्ट. बाटली घरून न्यायची तेव्हा. हे औषध भरायचे, एकेका डोसाला एकेक दात कातरायचे. सहा डोस दिलेले. मी पाच घेतले. ताप गेलेला, पण औषध संपलेलं नाही असं निमित्त काढून मी आणखी दोनदा दाखवायला गेले. सहावा डोस तसाच ठेवला. आहे का गं तळाला?"

"आहे, आई."

"धुवायला नाही ना काढलीस?"

मग सगळं सांगून टाकलं, ठिपक्यासकट. आई हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत. आक्काचं नाव निघालं तेव्हा मात्र सरळ होऊन बसल्या. "आक्काचं तेल? अगं, ते मीच शिकवलं तिला. खाडीकडच्या बांधावरून माका आणायचो आम्ही दोघी. मेथ्या किती, जास्वंद किती, सगळं माझं. जा, माका आण. मी सांगते तसं कढव."

रविवारी मी तेल घेऊन वर गेले. घाईत जॅमच्या बाटलीत भरलेलं, शिवण ओठापर्यंत असलेल्या. म्हटलं, आता ऐकावं लागणार. काकांनी बाटली हातात घेतली, झाकण फिरवलं आणि तिथेच दारात थांबले. डोळे मिटले. किती तरी वेळ नुसते हुंगत उभे होते.

"काका, बूड नाही बघितलंत," मी म्हणाले.

"राहू दे," ते म्हणाले, आणि तळहातावर थेंबभर तेल घेऊन त्यांनी ते सावकाश टकलावर जिरवलं.