टिटवीचा गोड गळा

एका जंगलात एक टिटवी व्हती. कुठलं जंगल, कुठला तालुका, ह्ये इचारायचं न्हाई. म्या काय तलाठी न्हाई. गप बसून ऐका, पोरांनो. मधीच कुनी खिदळलं तर उठून जाईन, आदीच सांगून ठिवतो.

टिटवीचं नाव धुरपी. काड्यांवानी पिवळं पाय, डोळ्याम्होरं लाल चामडं. आन् घसा? घसा देवानं दिला नव्हता, फेकून मारला व्हता. वरडली की वाटायचं, कुनीतरी पत्र्यावर खिळा वढतंय. टिटिव-टिव! टिटिव-टिव!

पर देवाला काय खूळ लागलं नव्हतं. घशासंगं त्यानं काम बी दिलं व्हतं.

त्या जंगलात पानवठा एकच. भवतीनं कमरंएवढं गवत, आन् गवतात वाघ. हरनं उन्हं कलताना पान्याला यायची. पानी पिताना हरनाची मान खाली, डोळं पान्यात. त्या टायमाला त्येला मागचं काय बी दिसत न्हाई. म्हनून रीत पडली व्हती. धुरपीनं काठावरच्या उंच धोंड्यावर हुबं ऱ्हायाचं. गवत हाललं की वरडायचं. ती वरडली की हरनांनी मान वर, शेपूट वर, आन् पळ काढायचा. ती गप हाय तवर पोटभर प्यायचं.

ह्या एका रितीवर हरनांच्या पिढ्या जगल्या. वाघ पानवठ्यावरनं रोज उपाशी मागारी जायचा आन् जाताना धुरपीच्या सात पिढ्या उद्धरायचा.

आता तुमाला वाटंल, हरनं रोज तिच्या पाया पडत आसतील. पडत्यात! तुमाला काय अक्कल हाय का न्हाई?

हरनं म्हनायची, "काय बया ह्ये वरडनं! दारातनं मढं निघाल्यावानी वाटतंय."

हरनांचा म्होरक्या बाजीनाना. त्येची शिंगं एवढी मोठी, की डोक्यात दुसरं काय मावायला जागाच उरली नव्हती. त्यो म्हनायचा, "म्या सवताच्या डोळ्यानं बघितलंय. ही वरडली की वाघ येतो. अपशकुनी हाय रांडची."

वाघ येतो म्हनून ती वरडती, एवढं साधं त्येला कळत नव्हतं. आन् म्होरक्याला कळंना, म्हनून बाकीच्यांनी बी कळून घेतलं न्हाई. कळपाचं आसंच आसतं.

एकटी ठिपकी तेवढी शानी. ठिपकी म्हंजी पयलटकरीन हरिनी. पंधरा दिसाचं पाडस पायात घिऊन हिंडायची. ती म्हनायची, "धुरपे, तू धोंड्यावर हाईस म्हनून म्या मान खाली घालून पानी पिते गं. तुझं वरडनं म्हंजी माझ्या लेकराची अंगाई हाय."

पर धुरपीला एका ठिपकीचं कवतिक पुरंना. पुरत न्हाई कुनालाच. तुमाला पुरतं का?

त्यात मंजुळाबाई कोकिळेचा सत्कार निघाला.

मंजुळाबाईचा गळा गोड, ह्ये कोन नगं म्हनतंय? पर ती काम काय करायची? अंडी कावळीनीच्या घरट्यात टाकायची आन् आंब्यावर बसून गायची. पोरं दुसऱ्याच्या दारात सोडल्यावर गायला येळ मिळतोच. सत्कार ठिवला कोल्ह्यानं. त्यो 'वनकला मंडळा'चा सेक्रेटरी. एरवी वाघाच्या उष्ट्यावर जगायचा, पर ह्ये बॅनरवर लिवत नव्हता. बॅनरवर मधी मंजुळाबाईचा फोटू, खाली कोल्ह्याचा त्येच्यापेक्षा मोठा.

कारेक्रम पानवठ्यावर. हरनं वळीनं बसलेली. मंजुळाबाईनं तान घ्येतली, हरनांनी माना डोलावल्या, आन् तेवढ्यात गवत हाललं.

"टिटिव-टिव! टिटिव-टिव!"

हरनं उधळली. वाघ हात चोळत गेला. एक बी जीव गेला न्हाई. आन् मग कोल्हं धोंड्यापाशी आलं, लाल हून.

"ए टिटवे! मैफलीत बोंबलतात का? काही शिस्त?"

"वाघ व्हता की!"

"वाघ रोजच असतो. मंजुळाबाई रोज येतात का? माफी माग."

आन् तिनं मागितली, पोरांनो. ज्यांचा जीव वाचीवला त्या समद्यांम्होरं मान खाली घालून माफी मागितली. बाजीनाना म्हनला, "जाऊ द्या, तिला काय कळतंय." लई मोठ्या मनाचा मानूस, म्हंजी हरीन.

त्या दिसापास्नं धुरपीच्या पोटात किडा शिरला. ठिपकीनं समजावलं. "आगं, देवानं तुला गळा न्हाई दिला, राखन दिली. तू त्या बयेसंगं कशाला जोखतीस सवताला?"

"तुला काय जातंय म्हनायला? तुला कुनी अपशकुनी म्हनत न्हाई."

"मला वाघ खातो, बाई. तुला नुसती नावं ठिवत्यात."

दुसऱ्या दिशी सकाळीच धुरपी मंजुळाबाईच्या आंब्याखाली जाऊन बसली. मंजुळाबाईनं मान वाकडी करून बघितलं.

"हे बघ, आधी ते टिव-टिव बंद. आवाज लांबव. मऊ कर. आणि गाताना डोळे मिटायचे."

"डोळं मिटल्यावर गवत कसं दिसंल?"

"गवत बघायला कलाकार लागत नाही."

"आन् वाघ आला तर?"

"तर तोच सूर, तसाच मऊ. ऐकणाऱ्याला दचकवायचं नसतं. दचकवणारीला गायिका म्हणत नाहीत."

"मग काय म्हनत्यात?"

"टिटवी."

ह्ये काळजात घुसलं. रोज सकाळी ती मध चाटायची, घसा घासायची. महिनाभरात खिळ्याचा आवाज गेला. आता टिटिव-टिव न्हाई, "टीऽऽऽ… टिऽऽव" आसा, तुपात बुडवून काढल्यावानी सूर लागला. देवानं घडीवलेलं मोडायला लई दिस लागत न्हाईत.

मग एक दिस सांच्याला हरनं पान्यावर आली. मान खाली. धुरपी धोंड्यावर. उजवीकडचं गवत हाललं. पिवळा पट्टा दिसला. तिनं बघितला, पोरांनो. चांगला बघितला. तोंड उघडलं, आन् जुनी बोंब घशाशी आली व्हती. पर तेवढ्यात तिला ती माफी आठवली. तिनं डोळं मिटलं आन् मऊ सूर लावला.

"टीऽऽऽऽ… टिऽऽऽव…"

हरनांनी मान वर केली. पर पळाली न्हाईत. एकमेकांकडं बघाया लागली.

"आगं बया! ही आपली धुरपी?"

"काय सूर लागलाय!"

बाजीनानानं डोळं मिटून खूर आपटत ताल धरला. समद्यांनी धरला. धुरपीला त्यो ताल ऐकू आला. जन्मात पयल्यांदा कुनी तिच्या आवाजावर डोललं व्हतं. तिनं आनखी लांब सूर वढला.

वाघ आरामात आला. त्येनं ठिपकीचं पाडस उचललं आन् आरामात गेला.

मागनं कळप पळाला, नुसती धूळ. पर पाडस गेलं ते गेलं.

दुसऱ्या दिशी कळपाची बैठक बसली. कोल्हं बी आलं, लांब तोंड करून, व्हट चाटत. बाजीनाना म्हनला, "पाडसाचं वाईट झालं. लई वाईट झालं. पर म्या म्हनतो, सूर काय लागला व्हता!"

"काटा आला बगा अंगावर," दुसरं हरीन म्हनलं.

"लेकरू गानं ऐकत गेलं. आसं मरन कुनाला मिळतंय?"

कोल्हं हुबं ऱ्हायलं. "धुरपाताईंचा सत्कार झालाच पाहिजे. मंडळातर्फे त्यांना 'वनस्वरभूषण' ही पदवी. प्रमुख पाहुणे एक थोर रसिक आहेत. नाव आयत्या वेळी सांगू."

काल 'ए टिटवे', आज 'धुरपाताई'. बघा.

बैठक मोडल्यावर ठिपकी धोंड्याखाली आली. रडत नव्हती. रडली आस्ती तर बरं झालं आस्तं.

"धुरपे, तुला वाघ दिसला व्हता?"

"दिसला व्हता."

"मग वरडली का न्हाईस?"

"वरडले की गं. गाऊन वरडले."

ठिपकी येवढंच म्हनली, "मला ऐकू आलं न्हाई." आन् गेली.

धुरपीनं मध लाथाडला. पर सत्काराला नगं म्हनली का? कुठली म्हनती! जीव जळत व्हता, आन् शाल बी दिसत व्हती. दोनी एकाच टायमाला. मानसावानीच हाईत ही पाखरं.

सत्काराचा दिस आला. पानवठ्यावर बॅनर. हरनं वळीनं बसलेली, तोंड बॅनरकडं, पाठ गवताकडं. ठिपकी कडंला हुबी, तिला कुनी बस म्हनलं न्हाई. कोल्ह्यानं आदीच बजावलं, "प्रमुख पाहुण्यांचा मान राखायचा. ते येऊन स्थानापन्न होईपर्यंत कुणीही जागचं उठायचं नाही. मागं वळून बघणं तर अजिबात नाही, असभ्यपणा दिसतो."

हरनांना सभेची रीत लई कळती. समदी ताठ बसली.

कोल्ह्याचं प्रास्ताविक सुरू झालं. त्ये संपता संपंना. धुरपी धोंड्यावर, गळ्यात झेंडूची माळ. तिच्या डोळ्याम्होरं समदा कळप, आन् कळपामागं गवत.

गवत हाललं.

प्रमुख पाहुनं आलं. खांद्यावर शाल. पट्ट्यापट्ट्याचं अंग. पाहुनं कोन ते धुरपीला एका नजरंत कळलं, आन् कोल्ह्याला आदीपास्नंच म्हाईत व्हतं.

"आता आपल्या लाडक्या धुरपादेवी दोन सूर…" कोल्हं म्हनलं.

धुरपीनं डोळं मिटलं न्हाईत. माळ तोडली, मान ताठ केली, आन् महिनाभर मधात बुडवलेला घसा खरवडून ती जी बोंबलली—

"टिटिव-टिव! टिटिव-टिव! टिटिव-टिव!"

पत्र्यावर खिळा! खिळा कसला, पहार!

ठिपकीच्या अंगातनं ईज गेली. ती टनकन् उडाली आन् टेकडीकडं सुटली.

बाकीची? बाकीची बसून व्हती.

"बेसूर झाली की," एक जन कुजबुजला.

"घसा बसलाय वाटतं."

"ए, उठू नगं! पाहुनं यायचं हाईत आजून!" बाजीनाना दात चावत म्हनला.

"पळा रं! मागं बघा!" धुरपी वरडत ऱ्हायली.

"नाना, बगू का मागं?"

"खबरदार! काय म्हनतील पाहुनं?"

पाहुनं काय म्हनलं न्हाईत. त्येंनी शाल नीट घडी करून बाजूला ठिवली आन् बाजीनानाची मान धरली. शिंगं मोठी व्हती म्हनून धरायला सोपं गेलं.

मग धावाधाव झाली. ती काय कामाची?

धा दिसांनी सुतक सरलं, तवा कळपानं निकाल लावला. "टिटवी वरडली, आन् नाना गेला. नाना आदीपास्नं सांगत व्हता, ही वरडली की वाघ येतो. किती दूरचं दिसायचं त्येला!" धुरपीला पानवठ्यावरनं हाकललं. तिची पदवी काढून घ्येतली. नानाचा फोटू बॅनरवर लावला. आन् धोंड्यावर, राखनीला, मंजुळाबाईला बसवलं.

मंजुळाबाई लई चांगली राखन करती. वाघ दिसला की गप उडून जाती. उगं कुनाला दचकवत न्हाई.

हरनं कमी झाल्यात म्हनं. पर कारेक्रम येळंवर व्हत्यात. आता बसायला जागा बी ऐसपैस मिळती.

टेकडीपल्याड एक डबकं हाय. पानी गढूळ. तिथं ठिपकी जाती, आन् काठावरच्या ढेकळावर धुरपी हुबी ऱ्हाती. पयलं किती तरी दिस दोघी बोलल्याच न्हाईत. धुरपी राखायची, ठिपकी प्यायची आन् निघून जायची. मग एक दिस ठिपकीनं पान्यातनं मान वर केली.

"धुरपे, वरड की गं एकदा."

"का? गवतात काय बी न्हाई."

"ठावं हाय. तरी वरड."

धुरपीनं मान ताठ केली. मग वरडली. तसंच, खरखरीत, कानाला वंगाळ. ठिपकीनं मान खाली घातली, आन् पोट भरूस्तवर पानी प्याली.

तात्पर्य: पोरांनो, देवानं दिलेल्या कामात सुख मानायचं खूळ डोक्यात घिऊ नका. त्यात आजवर कुनाला शाल मिळालेली न्हाई. राखनदारानं गोड गावं, कळपानं डोलावं, आन् डोलताना पाठ गवताकडं ठिवावी. प्रमुख पाहुन्यांच्या पोटाचा इचार तुमी न्हाई करायचा तर कुनी करायचा? ह्ये ऐकलं न्हाई तर बसाल म्हातारं व्हईस्तवर जित्तं, आन् जनमभर गढूळ पानी प्याल.