शेडमधली लोड टेस्ट

मेश्रामकाकांच्या घरी पाहुण्याला खुर्ची मिळते, पण लगेच नाही. आधी काका स्वतः तिच्यात दाणकन बसतात, अंग घुसळतात, उठतात आणि म्हणतात, "पास. बसा आता."

भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये त्यांची सगळी नोकरी क्रेनच्या तपासणीत गेली. क्रेनला झेपतं त्याहून जास्त वजन आधी तिच्याकडून उचलून घ्यायचं, मगच तिला कामाला लावायचं, हा तिथला नियम. निवृत्तीनंतर क्रेन सुटल्या, लोड टेस्ट राहिली. माझ्या मुलीच्या लग्नात ते मांडवाच्या बांबूला लोंबकळले. व्याही बघत होते.

आमची क्वार्टर्स पाठीला पाठ लावून. काकांच्या मागच्या अंगणात त्यांनी स्वतः बांधलेली लाकडी शेड आहे. खाली विटांचे बुटके खांब, त्यांवर आडव्या लाकडी कड्या, वर परदेशातून आलेल्या मशिनरीच्या जुन्या खोक्यांच्या फळ्या. काकूंची शिलाई मशीन तिथेच. सगळ्या भिलाईची टेस्ट घेणाऱ्या काकांनी या एका जागेची कधी घेतली नाही. "विदेशी लाकूड आहे, ताई. याले काय होते?"

दर उन्हाळ्यात कूलरचं पाणी त्या विदेशी लाकडाखाली जिरत होतं. मागच्या पावसाळ्यात काकू ब्लाउजांचा गठ्ठा घेऊन आत गेल्या आणि फळी मोडून मांडीपर्यंत खाली. पाय मोडला.

हाड जुळलं, पण काकू मागच्या दाराबाहेर पाऊल टाकेनात. शिवायला कापड घेऊन आलेल्या बायकांना पलंगावरूनच सांगायच्या, "अब नहीं होता, बहन."

मी काकांना म्हटलं, "तोडा ती शेड आणि मशीन घरात आणा."

"मशीन आत आणली तर आमची ही जन्मभर बाहेर येत नाही," काका म्हणाले आणि पोटावर सरपटत शेडखाली शिरले. मी टॉर्च धरला. कडीत खुपसलेला स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. लाकूड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं गळून पडलं. खालून एवढंच, "फेल."

दुर्गच्या लाकडाच्या टालीवरून सरईच्या, म्हणजे साल लाकडाच्या, नव्या कड्या आल्या. जॅक लावून तळ उचलला, खांब नव्याने रचले. वीट आणि लाकूड यांच्यामध्ये पत्रा, कड्यांच्या टोकांना डांबर, कूलरचं पाणी लांब सोडायला नळी. कुजक्या फळ्या काढून नव्या ठोकल्या. मग टेस्ट. आधी सिमेंटच्या गोण्या, त्यावर पाण्याचे ड्रम. ते उतरवल्यावर काका माझ्याकडे वळले.

"ताई, तुमचं वजन आमच्या हिच्यापेक्षा जास्त आहे ना?"

"असेल. मग?"

"मग चढा. अन् जरा उड्या मारा."

मारल्या. काका उत्साहाने घरात ओरडले, "ये वं, पाह्य! ताई नाचून राहिल्या, तरी काई झालं नाई!"

काकू मागच्या दाराशी आल्या. दोन्ही हातांनी चौकट धरली. फळ्यांकडे बघत म्हणाल्या, "तुमी तवाबी असंच म्हनत होते."

रागाने म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. काका उगाच एक खिळा ठोकत बसले. तो आधीच बसलेला होता.

त्यानंतर रोज दुपारी काका एकटेच शेडमध्ये जातात आणि धाडधाड पाय आपटत फिरतात. माझी तीच झोपेची वेळ. परवा भिंतीवरून विचारलंच, "काका, पास झाली ना ती? मग रोज कशाला?"

"तिले आयकू गेलं पायजे," ते हळूच म्हणाले. "पलंगावून."

आतून हाक आली, "पुरे करा आता, गुडघे दुखतीन! चहा घ्या."

काकू चहा घेऊन आल्या. पाय चौकटीच्या आत, कपबशीचा हात तेवढा बाहेर. काकांनी कपबशी घेतली, शेडच्या मधोमध जाऊन बसले आणि फुंकर घालत घालत, होईल तितका वेळ लावत चहा प्यायला लागले.

काकू कपबशी परत घ्यायला म्हणून दारातच उभ्या राहिल्या.