वाघमारेकाकांचे खोटे फोन

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले वाघमारेकाका दुपारचं जेवण झालं की बिल्डिंगमधल्या कुणाला तरी फोन करून त्याच्या क्रेडिट कार्डाचा नंबर मागतात. मी चेष्टा करत नाहीये. त्यासाठी त्यांनी वेगळं सिमकार्ड घेतलंय. आवाज बदलून, हिंदीत, "मॅडम, मैं कार्ड डिपार्टमेंट से बोल रहा हूँ," अशी सुरुवात. आपण फोन कट केला की पास. आकडे सांगायला लागलो की काका लगेच दारात हजर, आणि मग तासभर भाषण. "ओटीपी सख्ख्या आईलासुद्धा सांगायचा नाही. आईने मागितला तर समजायचं, ही आई नव्हे."

काका मूळचे परभणीकडचे, सरकारी ऑफिसातून रिटायर झाले. काकू गेल्यापासून एकटेच असतात. एकदा त्यांनी स्वतःच्या कार्डामागचे तीन आकडे ब्लेडने खरवडून टाकले. हेतू चांगलाच होता, फक्त आधी पाठ करायचे राहून गेले. मग नवं कार्ड मागवावं लागलं. पार्सलच्या खोक्यावरचा पत्त्याचा कागद ते बादलीत भिजत घालतात आणि त्याचा लगदा झाला की कुंडीत टाकतात. त्यांची तुळस आमच्या सगळ्यांच्या तुळशीपेक्षा बरी आहे, हे मान्य करावं लागेल.

मध्ये आम्ही त्यांना काशीमीऱ्याला हॉटेलात जेवायला नेलं होतं. वेटर माझं कार्ड घेऊन आत गेला तर काका उष्ट्या हाताने त्याच्या मागे. थेट किचनपर्यंत. आचाऱ्यासमोर उभं राहून वेटरला म्हणाले, "कार्ड नजरेआड करायचं नाही." आमच्या ह्यांनी कपाळाला हात लावला.

एवढं नाटक करतात, पण त्यांचा आवाज सगळे ओळखतात. दुसऱ्या मजल्यावरच्या शेखभाभींनी तर तोंडावर सांगितलं, "अंकल, आवाज बदलते हो, खाँसी तो बदलो." मग आम्हीही मजा घ्यायला लागलो. कुणी त्यांना गॅसबुकिंगचा नंबर सांगायचं, कुणी सासूची जन्मतारीख.

त्या दुपारी मला फोन आला. माझे रिवॉर्ड पॉइंट म्हणे आजच संपणार होते. बोलता बोलता माणूस खोकला आणि मला हसू आवरेना. कार्डाचा नंबर त्यानेच वाचून दाखवला. मला वाटलं, हॉटेलात पाहून ठेवला असणार, कार्ड नजरेआड करत नाहीत ना! मग मोबाईलवर ओटीपी आला. काय मेहनत घेतलीय म्हाताऱ्याने, मेसेजसुद्धा बनवून घेतला! त्यांच्या हौसेखातर मी सगळे आकडे वाचले. दुसरा मेसेज आला, तोही वाचला. वर म्हटलं, नीट लिहून घ्या.

तेवढ्यात बेल वाजली. फोन कानाला लावूनच मी दार उघडलं, तर समोर वाघमारेकाका. बनियनवर. इस्त्रीच्या शर्टाशिवाय कचरा टाकायलाही बाहेर न पडणारा माणूस बनियनवर उभा, आणि माझ्या कानात तो दुसरा अजून बोलतोय.

"कुणाशी बोलतेयस?" काकांनी विचारलं.

"तुमच्याशी," मी म्हटलं.

पुढचं मला धड आठवत नाही. काकांनी फोन हिसकावून कट केला, कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरावर लावायला सांगितला आणि कार्ड ब्लॉक करून घेतलं. मग सायबर हेल्पलाइनला तक्रार नोंदवली. तोपर्यंत लेकीच्या कॉलेजच्या फीसाठी राखून ठेवलेलं सगळं लिमिट उडालं होतं. थोडे पैसे मध्येच अडवता येतील, असं हेल्पलाइनवाली म्हणाली. काकांनी शर्ट चढवला आणि आम्ही रिक्षाने पोलीस स्टेशनला गेलो.

तिथल्या बाकावर बसल्यावर मी काकांचे हात धरले. म्हटलं, ह्यांना काही सांगू नका. आकडे मी हसत हसत दिलेत, हे कुठल्या तोंडाने सांगू? बांगड्या मोडून गुपचूप फी भरते.

काकांनी एक हात सोडवून शर्टाचं राहिलेलं बटण लावलं. मग हळूच म्हणाले, "मीपण कुणाला सांगितलं नव्हतं."

मला आधी कळलंच नाही. काकू गेल्या त्या वर्षीची गोष्ट. व्हिडिओ कॉलवर पोलिसाच्या वर्दीतला माणूस आला. तुमच्या नावावर गुन्हा आहे, तुम्हाला घरातच अटक केलीय, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. काका दोन दिवस तसेच खुर्चीत बसून होते, उपाशी. फंडाचे सगळे पैसे गेले. ज्यांना आम्ही वेडे म्हणत होतो, त्यांचं हे असं झालं होतं, आणि ते समोरच्या दाराआड.

"बेल वाजली असती ना, तर उठलो असतो गं," काका म्हणाले. "कुणी वाजवलीच नाही."

मग रोजचे फोन कशाला, मी विचारलं. तर म्हणाले, नंबर कुणाला हवाय? असा अडकलेला माणूस फोनवर वेगळा बोलतो, घाबरून, तुटक. तेवढं ऐकायला करतो. आज तुझा लावला तर सारखा एंगेज. मग बसवेना.

मला रडूच फुटलं. काकांनी खिशातून घडी घातलेला रुमाल काढून दिला. मी डोळे पुसले आणि ह्यांना फोन लावला. "अहो, माझी फसवणूक झालीय," एवढं एका दमात बोलून टाकलं. नवरा-बायकोचं बोलणं म्हणून काका उठून बाहेर निघाले, तर मी त्यांची बाही धरून त्यांना परत माझ्या शेजारी बसवलं.