हवालदारांचं दुसरं पान

सर्वपित्री अमावास्येला पानाला कावळा शिवला नाही, तर माणसं कासावीस होतात. हात जोडतात, गेलेल्याला नाही नाही ती वचनं देतात. आमचे पालव हवालदार मात्र कावळा शिवला नाही की खूश होऊन सगळ्या मजल्याला चहा पाजत.

लालबागच्या चाळीत त्यांची खोली आमच्या खोलीला लागून. फौजेतून सुटल्यावर ते गिरणीच्या दरवाजावर वॉचमन झाले. बायको-पोरं नव्हती. दुसऱ्या महायुद्धात दीड वर्ष इटलीत काढलेलं, आणि ते दीड वर्ष त्यांना जन्मभर पुरलं. नळाचं पाणी गेलं तरी 'आमच्या इटलीत असा नाय हा!' आणि कोणाच्या लग्नात जिलबी फसली तरी तेच. दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. रोज कुठे ना कुठे सभा, मोर्चा, आणि हवालदार सगळ्यांच्या पुढे. 'झालाच पाहिजे' ते असं ओरडत, की पुढच्या रांगेतली दोन-चार माणसं कवायतीचा हुकूम सुटल्यासारखी जागच्या जागी थांबत.

तर हे दुसरं पान. अमावास्येला गच्चीवर ते दोन पानं मांडत. पहिलं त्यांच्या आईचं. वडे, खीर, भोपळ्याची भाजी, काळ्या वाटाण्याचं सांबारं. त्यावर कावळे तुटून पडत. दुसरं पान इटलीतल्या एका म्हातारीचं. त्यावर उकडलेल्या शेवयांचा गोळा आणि वर टोमॅटो-लसणीचा लगदा.

"मडमेचं पान कशाला हो घालता?" असं माझ्या आईनं एकदा विचारलं, तेव्हा सगळं कळलं. ऐन थंडीत त्यांची तुकडी एका खेड्यात अडकली होती. मुक्काम ह्या म्हातारीच्या गोठ्यात. तिथेच त्यांना आई गेल्याचं पत्र मिळालं, तेही तीन महिने उशिरा.

"मी रडाक लागलंय," हवालदार म्हणाले, "तर तिणा काय एक इचारल्यान नाय. भाषा खंय येता? शेवयांचो टोप आणल्यान, बाजूक बसली आणि आपल्या हातान माका भरवल्यान. आता ती जित्ती आसा की नाय, कोणाक म्हायत? गेली आसात तर उपाशी ऱ्हवाक नको, म्हणान पान. आणि कावळो शिवलो नाय, म्हणजे म्हातारी जित्ती आसा!"

ह्या हिशोबानं म्हातारी दर वर्षी जिवंत निघे आणि आम्हाला चहा मिळे.

एका वर्षी मला शहाणपणा सुचला. नुकताच नोकरीला लागलो होतो, त्यामुळे तोंडही सुटलं होतं. भर गच्चीत मी म्हणालो, "मामा, म्हातारी जिवंत आहे म्हणून कावळा शिवत नाही, असं काही नाही. तुमच्या ह्या शेवयांना माणूससुद्धा शिवायचा नाही!" सगळी गच्ची हसली. हवालदारांनी पान उचललं. त्या वर्षी चहा झाला नाही. पुढे वर्षभर त्यांच्या तोंडून इटलीही फारशी ऐकू आली नाही, आणि मला माझीच जीभ टोचू लागली.

पुढच्या अमावास्येच्या आदल्या दिवशी ते आमच्या दारात उभे. "खरा इटलीचा जेवण खंय गावतला रे?"

पलीकडच्या गल्लीतला पीटर फोर्टातल्या एका हॉटेलात वेटर होता. तिथे पहिल्या मजल्यावर इटालियन जेवण मिळतं, हे त्याच्याकडूनच ऐकलेलं. अमावास्येला मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

हवालदारांनी फौजेतला कोट चढवला. एका बाजूला पदकं, दुसऱ्या बाजूला संयुक्त महाराष्ट्र समितीचा बिल्ला. हॉटेलच्या दारवानाला वाटलं, मोर्चा आत शिरतोय. पीटर धावत आला म्हणून निभावलं. वर मात्र मोकळं वातावरण होतं. चौकटीचे टेबलक्लॉथ, कोणी कोटाशिवाय, कोणी मोठ्यानं हसतंय. पीटरनं आम्हाला गॅलरीतलं टेबल दिलं. समोर बदामाचं झाड होतं.

"तीन प्लेटी," हवालदार म्हणाले.

"माणसं दोन ना?" पीटर म्हणाला.

"तिसरी येतली. नाय येतली. ताच बघूचा आसा."

शेवया आल्या. मी सुरीनं तुकडे करायला लागलो, तशी मनगटावर चापट बसली. "म्हातारीन बघितल्यान तर तुका गोठ्यात बांधतली!" मग त्यांनी काटा रोवला, दोन गिरक्या दिल्या आणि घास सुबक गुंडाळून तोंडात घातला. गिरणीच्या गेटावरचा हा माणूस त्या हॉटेलात सगळ्यांत सराईत दिसत होता. एक घास खाल्ला आणि थांबले. "हीच," एवढंच म्हणाले.

तिसरी प्लेट त्यांनी गॅलरीच्या रुंद कठड्यावर ठेवली, हात जोडले आणि पाठ फिरवून बसले. "माझ्यान बघवाचा नाय. तू बघ आणि सांग."

आजूबाजूची माणसं आमच्याकडे बघत होती. पीटर टेबल पुसल्याचं सोंग करत उभा होता. बदामावर कावळा होता. मी मनातल्या मनात त्याला हाकलत होतो. तो उडाला, कठड्यावर बसला, मान तिरकी केली आणि एक लांबलचक शेवई उचलून घेऊन गेला.

"शिवलो?"

मी पीटरकडे बघितलं. त्यानं खाली बघितलं.

"नाही मामा. आला होता, बघून गेला."

हवालदार वळले. मग उठले, प्लेट घेऊन आले. कठड्यावर टोमॅटोचा लाल ओघळ होता, थेट कडेपर्यंत गेलेला. तो त्यांनी रुमालानं पुसला.

"जित्ती आसा म्हातारी," ते म्हणाले. "पीटर, तिघांक चाय."

जिना उतरताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात जड लागला. "फुडल्या वर्साक पण तूच येय हां," ते म्हणाले. "दुसरो कोण नको. दुसरो खरा सांगात."