कपाचा कान

आमच्या शाळेतले हस्तकलेचे दुर्गे मास्तर चहा पिण्याआधी कपाचा कान ओढून बघत. नुसता हात लावून नव्हे, चांगला खाली-वर हलवून. अख्ख्या नोकरीत त्यांनी एकाही पोराचा कान पिळला नाही, पण आमच्या तलमडुगू गावातल्या हॉटेलच्या कपांची त्यांच्यापुढे खैर नव्हती.

कान पक्का असला की म्हणायचे, "पास!" तुटका असला की कप थेट झोळीत. दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी शाळेमागच्या भट्टीत स्वतः भाजलेला कप आणून ठेवत. कप जरा वाकडा असे, पण कान असा दणकट, की त्याला बैल बांधावा. हॉटेलवाला राजन्ना हात जोडायचा, "सारू, कान नक्को खींचो!" पण पुढे पुढे त्याच्याकडे विकतचा एकही कप उरला नाही, आणि गिऱ्हाईकं 'मास्तरच्या कानाचा' चहा मागू लागली.

हे वेड जपानचं. एका उन्हाळ्यात तिथल्या चिनीमातीच्या वर्गासाठी जिल्ह्यातून एक हस्तकला शिक्षक हवा होता. बाकीचे विमानाला भ्याले. मास्तरांनी अर्ज केला. भैंसा गावाच्या पलीकडे न गेलेला माणूस दोन महिने जपानला राहून आला. तिथली एकच गोष्ट ते सांगत, पण दरवेळी उभे राहून.

"पयल्याच दिवशी मले चहा देला, शेट. कपाले कानच नाई!" माझ्या वडिलांचं दुकान होतं, म्हणून मी गणिताचा शिक्षक असूनही शेट. "म्या म्हनलं, घ्या! येवढ्या दूर आलो, अन् इथंबी आपला कप अलगच काढून ठेवेल हाय! उचललाच नाई. मंग पायतो त काय, गुरुजीचा कपबी बिनकानाचा. सगळ्याइचेच!"

सगळे खो खो हसत. मीही हसायचो, पण जरा बेतानं. आमच्या गोठ्याच्या कोनाड्यात एक कान तुटलेला कप पालथा असायचा. बौद्धवाड्यातून मजुरीला येणाऱ्या बायांना चहा त्यातच, वरून ओतून. त्यांतली एक मास्तरांची आई होती. हे मला ठाऊक होतं आणि मास्तरांनाही. आम्ही त्यावर कधी बोललो नाही.

जपानी गुरूंशी ते दोन महिने भांडले, तेही इंग्रजीत. हँडल हा शब्द ऐनवेळी आठवेना, म्हणून म्हणाले, "सर, आय वाँट ईअर!" गुरूंनी त्यांचे दोन्ही कान तपासले. उलगडा झाल्यावर मान हलवली. कप दोन्ही हातांनीच धरायचा असतो म्हणाले. मास्तर म्हणाले, "नो सर. ईअर मस्ट." शेवटी गुरूच शेजारी बसले आणि कान चिकटवायला शिकवला. असा हट्ट मला जन्मात जमला नसता.

तिथून त्यांनी एकच कप आणला, निळसर, सुबक कानाचा. तो कोणासाठी हे मला एका सुटीच्या सकाळी कळलं. मी मास्तरांच्या घरी गेलो तर अंगणात त्यांची आई त्यातून चहा पीत होती. मला पाहून ती उठायला लागली.

"बस माय," मास्तर म्हणाले. मलाही चहा दिला आणि पुन्हा तिच्याकडे वळले. "अन् कान धर ना! तुह्यासाठीच त लावला."

म्हातारीनं कप दोन्ही तळव्यांत धरला होता. "सवय नाई ना बापा. हात आपोआप खाली जाते."

हे रोजचंच असावं. मास्तर तिच्यासमोर उकिडवे बसले. आवाज एकदम उतरला. "राहू दे. माहे जपानचे गुरुजीबी अस्सेच धरतात. दोनी हातानं."

म्हातारीचा चेहरा पडला. "अरे बापा! त्याइलेबी तुटक्या कानाचा देत होते का रे कोनी?"

मला आमच्या कोनाड्याची अशी लाज वाटली, की मी कप तसाच खाली ठेवला.

"काऊन थांबला बापा?" म्हातारी मला म्हणाली. "घे ना, निवून राह्यला चहा."

मी कप दोन्ही हातांनी उचलला.